डाव्या हाताचं स्वस्त धनुष्य: सहा महिन्यांचा हिशोब

धनुर्विद्येच्या रेंजवर नेमबाजीच्या कार्डासाठी दिलेला माझा पहिला अर्ज परत आला तो ‘धनुष्य कोणत्या हाताचं’ या रकान्यामुळे. मी लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने, म्हणून बिनधास्त ‘उजवा’ लिहून टाकलं. रेंजवरच्या सरांनी अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, “ताई, डोळा कुठला?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी दोन्ही हात समोर ताणायला लावले, पंजे जुळवून मधे लहानशी तिकोनी फट ठेवायला सांगितली आणि त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं. उजवा डोळा मिटला, घड्याळ जागेवर. डावा मिटला, घड्याळ गायब. म्हणजे हात उजवा असला तरी माझा नेम धरणारा डोळा डावा. त्रेचाळीस वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी गरज पडली नव्हती.

यावर दोन उपाय असतात. डाव्या डोळ्यावर पट्टी लावून उजव्या हाताचं धनुष्य चालवायचं, नाहीतर सरळ डाव्या हाताचं धनुष्य घ्यायचं. ते उजव्या हातात धरतात आणि डाव्याने ओढतात. सरांचं म्हणणं, “नव्याने शिकताय तर डोळ्याचं ऐका. हात चार महिन्यांत तयार होतो, डोळा बदलत नाही.” मी ऐकलं. ते बरोबर होतं, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागली. ८ जानेवारीला दुरुस्त अर्ज दिला, ११ जानेवारीला धनुष्य मागवलं. दहा दिवसांत येईल असं सांगितलं होतं. डाव्या हाताची धनुष्यं कमी बनतात, कमी साठवली जातात, त्यामुळे आलं ते २० फेब्रुवारीला. तोवर धनुष्य तपासून घ्यायची तीस दिवसांची मुदत संपून अर्ज बाद झाला होता. चार पानं पुन्हा भरली, फोटो पुन्हा, शुल्क पुन्हा. डावखुऱ्यांनी आधी धनुष्य हातात घ्यावं, मग अर्ज भरावा.

मी शिकार करत नाही आणि करणारही नाही. मग शिकारीचं धनुष्य का? कारण निव्वळ व्यवहाराचं आहे. स्पर्धेची कंपाउंड (टोकांना फिरती चाकं असलेली) धनुष्यं लांब, जड आणि महाग असतात, आणि बऱ्याचदा ठरावीक मापाचीच असतात. शिकारीसाठी बनवलेली स्वस्त धनुष्यं मात्र एकाच वस्तूत पोरापासून पहिलवानापर्यंत सगळ्यांना पुरतील अशी करतात. माझ्या धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ५ पासून ७० पाउंडांपर्यंत आणि ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती मागे येते ती लांबी, १९ पासून ३० इंचांपर्यंत बदलता येते, तेही साध्या एलन कीने, बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र). सोबत नेम धरायची तीन पिनांची साइट, बाण टेकवायची ब्रशसारखी गोल रेस्ट, तोल राखायचा छोटा स्टॅबिलायझर, भाता आणि तीन बाण. रेंजवर फोमच्या प्राण्यांचा एक थ्रीडी कोर्स आहे, झाडीतून चालत जात नेम धरायचा. मला तिथे जायचं होतं. त्यासाठी आधी धनुष्याची तपासणी, मग सुरक्षेचं सत्र, मग नेमाची परीक्षा. (ज्यांना खरोखर शिकारीला जायचंय त्यांनी आधी आपल्या भागातला कायदा वाचावा. कुठे शिकारच बंद असते, कुठे बंदूक चालते पण धनुष्य नाही, कुठे किमान पाउंड ठरवलेले असतात. खोक्यावरच्या हरणाच्या चित्राला परवाना समजू नये.)

खोकं उघडल्यावर पहिला मोह होतो दोरी ओढून बघायचा. ओढा, पण बाणाशिवाय सोडू नका. बाण नसेल तर ती सगळी ताकद लिंबांत, म्हणजे धनुष्याच्या त्या दोन लवचिक पात्यांत, आणि दोरीत परत जाते. पाती तडकते, केबल कॅमवरून (टोकाच्या चाकावरून) उडते, कधी डोळ्यावर येते. आमच्याकडे एका पाहुण्याने कौतुकाने धनुष्य उचललं आणि ओढायला लागला तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडत धावले होते. त्या दिवसापासून ते कुलपात असतं.

मग मापं. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजायचं आणि इंचांना अडीचने भागायचं. माझे ६५ इंच, म्हणजे ड्रॉ लेंथ २६. हा फक्त अंदाज असतो. सरांनी पूर्ण ओढीवर मला उभं करून बाजूने पाहिलं आणि २६ वरच ठेवायला सांगितलं. नवशिके बहुतेक वेळा ड्रॉ लेंथ जास्त ठेवतात. मग मागे रेलून उभं राहावं लागतं आणि दोरी सुटताना पुढच्या हाताच्या कोपराजवळ फटका बसतो. ओढ मी ३० पाउंडांवर सुरू केली. डावा हात अगदीच कच्चा होता. पिशवी उचलण्यापलीकडे त्याने आयुष्यात फार काही केलं नव्हतं. दोन्ही लिंबांचे बोल्ट नेहमी सारख्याच फेऱ्या फिरवायचे आणि पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सैल करायचे नाहीत. मी वहीत आकडे लिहून ठेवत गेले. मार्चअखेर ३८, एप्रिलमध्ये ४५ पाउंड. तिथेच थांबले.

इथे कंपाउंडची खरी गंमत आहे. साध्या धनुष्यात जेवढं मागे ओढाल तेवढं जड होत जातं. कंपाउंडमध्ये टोकाला गोल नसलेले कॅम असतात. ते फिरले की अर्ध्या वाटेपर्यंत जड आणि शेवटी एकदम हलकं. अमेरिकेतल्या मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये यासाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळालं. माझ्या धनुष्याचा लेट-ऑफ ७५ टक्के आहे, म्हणजे ४५ पाउंड ओढल्यावर शेवटी हातावर साधारण ११ पाउंड उरतात, पाच किलोच्या आसपास. म्हणून नेम धरून श्वास सोडायला वेळ मिळतो. पहिल्यांदा ती ‘दरी’ लागली तेव्हा वाटलं काहीतरी तुटलं.

१ मार्चची तपासणी नापास. कारणं दोन. बाणांवर माझी आद्याक्षरं नव्हती. प्रत्येकाच्या दांडीवर ती हवीतच. हे घरी कायम शाईच्या पेनाने दोन मिनिटांत झालं असतं. दुसरं कारण मोठं होतं. धनुष्यासोबत आलेले बाण ४०० स्पाइनचे होते. स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा. दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते पाहायचं. ४०० म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी ४०० भाग वाकली. आकडा लहान तेवढी दांडी ताठ. हे बाण जड ओढीच्या माणसासाठी ठीक, माझ्या २६ इंच आणि कमी ओढीला फारच ताठ. शिवाय लांबीलाही ऐसपैस. “फुकट आलेत, वापरते थोडे दिवस,” असं मी म्हणून पाहिलं. सरांनी बाण परत हातात ठेवले.

नवे ६०० स्पाइनचे डझनभर बाण १३ मार्चला आले, २७ इंचांवर कापून, पुढे १०० ग्रेनची टोकं. एक बाण भरला ३५० ग्रेन, म्हणजे पावणेतेवीस ग्रॅमच्या आसपास. १५ मार्चला तपासणी पास झाली. चिठ्ठीवर स्टिकरवरचे ७० पाउंड न लिहिता त्यांनी काट्यावर मोजलेली ओढ लिहिली. ती चिठ्ठी जपून ठेवा. ओढ वाढवली की नवी करून घ्यावी लागते, आणि मी ती विसरून एकदा घरी परत पाठवली गेले आहे.

पुढचे दोन आठवडे मी सात मीटरवरून, डोळे मिटून, कोऱ्या फोमवर बाण मारले. कंटाळवाणं वाटतं, पण मिटल्या डोळ्यांना फक्त पाठ आणि बोट कळतं. मनगटाला बांधायच्या रिलीजचा (दोरी पकडून सोडणाऱ्या खटक्याचा) चाप मी पहिल्या दिवसांत बंदुकीसारखा दाबत होते आणि दर वेळी सुटण्याआधी दचकत होते. चापावर बोट ठेवून पाठीचे स्नायू हळूहळू जवळ आणायचे, मग सुटेल तेव्हा सुटेल. पुढच्या हातानेही मूठ आवळायची नाही. आवळली की धनुष्य पिळवटतं आणि बाण आडवा सरकतो. मूठ सैल ठेवून गळ्यातल्या ताईतासारखी मनगटदोरी अडकवली की धनुष्य पडायची भीती जाते.

आता धनुष्याच्या वागण्याबद्दल. मार्चच्या अखेरीस एका सकाळी पूर्ण ओढलं आणि पीपमधून काहीच दिसेना. पीप म्हणजे दोरीत बसवलेली बारीक चकती, तिच्या भोकातून साइट बघायची. ती एक चतुर्थांश फिरली होती. घाबरून सगळं सोडून सरांकडे गेले. ते हसले. स्वस्त धनुष्यात पैसे जिथे वाचवलेले असतात त्यात दोरी पहिली. कारखान्यातली दोरी सुरुवातीला ताणली जाते, तिचे पीळ उलगडतात, पीप फिरते आणि मारा खाली जायला लागतो. दोनेकशे बाणांनंतर माझी दोरी शांत झाली. त्यानंतर कॅमवरच्या खुणा जुळवून घेतल्या, पीप नव्याने बांधली. हे काम मात्र बो प्रेसवरचं. घरी करायचं नाही. दोरी बसण्याआधी साइट घट्ट लावण्यात मी दोन शनिवार वाया घालवले, तेवढे तुम्ही वाचवा.

त्याच सुमाराला साइटचा एक स्क्रू सैल होऊन पिन रोज थोडी उतरत होती आणि मी स्वतःला दोष देत होते. हातात जाणवणारा झटका आणि कंप या धनुष्यात जास्त आहे, तो स्क्रू खोलत राहतो. स्क्रू धरून ठेवणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरला.

मग कागदातून बाण मारून ट्यूनिंग. चौकटीत कागद ताणायचा, दोन मीटरवरून बाण आरपार मारायचा आणि भोक बघायचं. बाण सरळ गेला तर टोकाचं गोल आणि पिसांच्या तीन चिरा एका जागी पडतात. माझ्या बाणाची शेपूट कागद वरच्या बाजूला फाडत होती, बोटभर. रेस्ट केसभर वर घेतली, पुन्हा कागद, पुन्हा केसभर. तासाभरात भोक नीट आलं. सहा महिन्यांतला सगळ्यात समाधानाचा तास हाच, खरं सांगते, परीक्षेपेक्षाही.

१२ एप्रिलला बाणाचा वेग मोजायचा क्रोनोग्राफ मिळाला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३१० फूट प्रति सेकंद. मशीनवर आले २१२. माझं तोंड उतरलं. पण खोक्यावरचा आकडा ७० पाउंड ओढ, ३० इंच ड्रॉ लेंथ आणि ३५० ग्रेनचा बाण धरून काढलेला असतो. ड्रॉ लेंथ इंचभर कमी झाली की ढोबळमानाने दहा फूट जातात. माझे चार इंच, म्हणजे चाळीस. ओढीच्या प्रत्येक पाउंडाला साधारण दोन फूट. पंचवीस पाउंड, म्हणजे पन्नास. उरलेले पीप, डी-लूप (रिलीज अडकवायचा फास) अशा दोरीवरच्या वजनाने खाल्ले. थोडक्यात, धनुष्य खोटं बोललं नव्हतं, खोकं माझ्याबद्दल बोलतच नव्हतं.

२१२ फूट म्हणजे सेकंदाला ६४.६ मीटर. या वेगाला माझ्या बाणाची ऊर्जा ३५ फूट-पाउंड येते, ४७ ज्यूल. शिकारी मंडळींत हरणासारख्या मध्यम प्राण्याला २५ ते ४१ फूट-पाउंड असा कोष्टकातला अंदाज प्रचलित आहे, त्यात हे बसतं. रानडुकरासारख्या दणकट जनावराला नाही. आणि वेग वाढवून प्राण्याला चकवता येतं ही समजूत हिशोब केला की गळून पडते. वीस मीटरला माझा बाण ०.३१ सेकंदात पोचतो, ३१० फुटांचा ०.२१ सेकंदात, पण दोरीचा आवाज ०.०६ सेकंदात. दोन्ही वेळा आवाज आधीच पोचलेला असतो. हे धनुष्य आवाज करतं, ठसठशीत ‘टॉक्’ असा. शिकारीच्या दृष्टीने त्याची उणीव वेगापेक्षा इथे आहे. लिंबांवर आणि दोरीवर रबराचे डँपर लावून थोडा उतार पडला, पुरता नाही.

वेगाचा खरा फायदा वेगळाच आहे, पण तो मला नंतर, अनुभवाने कळला.

याच महिन्यात एका डावखुऱ्या सदस्याने स्वतःचं धनुष्य हातात दिलं. किंमत माझ्याच्या चौपट, तीही साइट-रेस्ट न धरता. ड्रॉ लेंथ माझ्यापेक्षा इंचभर जास्त होती, म्हणून ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. फरक ओढताना कळला. ओढीच्या शेवटी जी ‘भिंत’ लागते ती माझ्या धनुष्यात उशीसारखी आहे. कधी अर्धा सेंटीमीटर जास्त ओढलं जातं, कधी कमी. त्यांच्या धनुष्यात दगडाची भिंत. सोडल्यावर हातात काही उरत नाही, आवाज पुटपुटल्यासारखा. आणि वीस मीटरवर माझे सहा बाण? दोन्ही धनुष्यांनी तळहाताएवढ्या जागेतच गेले. बाण विखुरले होते ते माझ्यामुळे, आणि माझी मी तीच होते.

३ मे, परीक्षा. वीस मीटर, जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ, सहापैकी पाच बाण आत. आत गेले चार. कारण त्या उशीसारख्या भिंतीवर ढकलता आलं असतं, पण सांगून टाकते: मागे चार माणसं उभी होती आणि मी चाप पुन्हा बंदुकीसारखा दाबला. नियमाने एकवीस दिवस थांबायचं, शुल्क निम्मं. ते एकवीस दिवस मी पुन्हा सात मीटरवर, डोळे मिटून काढले. लाज वाटली. २४ मे रोजी सहाच्या सहा आत गेले. कार्डावर शिक्का मिळाला आणि त्यावर हाताचा रकाना या वेळी ‘डावा’ होता.

खर्चाचं खूपजणांनी विचारलं. धनुष्याची किंमत १०० धरली तर बाणांचे ४०, घरच्या फोम टार्गेटचे ३५, नव्या दोरी-केबलचे ३५ (जुनी अजून चालतेय, पण मागवून ठेवली), रिलीजचे २५, कडक केसचे १५ आणि दोनदा भरलेले अर्ज, तपासण्या, परीक्षा मिळून १५. एकूण २६५. ‘सगळं सोबत मिळतं’ या जाहिरातीतल्या तीन बाणांचं काय झालं ते वर सांगितलंच. खोक्यातली ब्रशची रेस्ट अजून उत्तम चालते, पिनांची साइट संध्याकाळी अंधुक होते, स्टॅबिलायझर शोभेचा. पैसे हातात असतील तर आधी बाण आणि रिलीज चांगले घ्या, मग दोरी. धनुष्य सगळ्यात शेवटी.

जूनमध्ये कुतूहल म्हणून पात्यांची ब्रॉडहेड टोकंही लावून पाहिली. रेंजने त्यासाठी वेगळा कोपरा ठेवलाय. वजन तेच १०० ग्रेन, तरी बाण साध्या टोकांपेक्षा नऊ सेंटीमीटर डावीकडे गेले. पुढच्या पात्या पंखासारख्या वागतात, ट्यूनिंगमधली बारीकशी चूकही मोठी करून दाखवतात. रेस्ट एका वेळी अर्धा मिलिमीटर सरकवत दोन्ही गट एकत्र आणले, दोन संध्याकाळी लागल्या. ही टोकं नुसत्या बोटांनी फिरवू नका, सोबत मिळतो तो पाना वापरा.

१४ जूनला एकदाचा थ्रीडी कोर्स. तिसऱ्या थांब्यावर उतारावर फोमचं हरीण उभं होतं. अंतर स्वतःच ठरवायचं असतं, यंत्र चालत नाही. मी तीस मीटर धरले, तिसाची पिन छातीवर ठेवली, पाठ जवळ आणली, सुटला तेव्हा सुटला. अंतर निघालं तेहतीस. माझ्या वेगाला तीस-तेहतिसाच्या या चुकीत बाण सुमारे १२ सेंटीमीटर खाली जातो. ३१० फुटांच्या धनुष्याने साडेपाचच गेला असता. वेगाचा फायदा म्हणतात तो हा. छातीच्या तळालाच नेम धरला होता, त्यामुळे बाण हरणाच्या पोटाखालून गेला आणि मागच्या गवतात शिरला. शोधायला वीस मिनिटं लागली, मागे रांग थांबलेली. पिसं हिरवी घेऊ नका.